बूथ नंबर चार

शैलेंद्र शनिवारी सकाळी दुबईला उतरला आणि विमानतळावरच पुतण्याला, सुजीतला, म्हणाला, की दादा गेल्यापासून वहिनींना भेटणं झालं नाही, म्हणून मुद्दाम आलो. छायाचा नवरा अनिल जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ज्या दिराला वहिनीची आठवण आली नाही, त्याला ती खारबंदर नगरपरिषदेची निवडणूक जाहीर झाल्यावर चौथ्या दिवशी आली. छायाने मनातच दिवस मोजले आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

"घर छान आहे हो," डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मान वळवून बघत तो म्हणाला. "लहान आहे, पण छान."

तो स्वतःला चार वेळचा नगरसेवक म्हणवायचा. त्यातल्या तीन वेळा तो निवडून आला होता आणि चौथ्या वेळी त्याची बायको ममता. पण कार्डावर चारही टर्म त्याच्याच नावावर होत्या, आणि खारबंदरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. सभागृहात ममता सही करायची, बाहेर येऊन शैलेंद्र पत्रकारांशी बोलायचा.

रविवारी दुपारी त्याने शारजातल्या अल नहदाहून हारुन आणि त्याची बायको ताजबी यांना जेवायला बोलावलं. बोलावलं सुजीतच्या घरी, न विचारता, आणि घरात सांगितलं त्याच सकाळी दहा वाजता. सुजीतची बायको मुग्धा ओट्याशी सुरमईचे तुकडे धुताना धुसफुसत होती.

"चाळीस दिरहम किलोने आणलीय, आई. म्हणजे साडेनऊशे रुपये झाले. आणि काका म्हणतात, मोहल्ल्यातली आपली माणसं आहेत. आपली कशी काय?"

"मतदानाला एक महिना असला की ती आपली होतात," छाया म्हणाली. "नंतर परत त्यांची होतात."

मुग्धा हसली नाही. तिला खारबंदर म्हणजे लग्नानंतर दोनदा बघितलेलं एक गाव, एवढंच ठाऊक होतं. छायाला मात्र प्रभाग पाच झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. भर बाजारातला वॉर्ड, एकूण चार बूथ. सोनार आळीचा एक नंबर डोळे मिटून पोतनीसांना, म्हणजे शैलेंद्रच्या घराला, मत देत आला, एसटी स्टँडमागचा दोन नंबर डोळे मिटून त्यांच्या विरोधात, आणि मच्छी मार्केटचा तीन नंबर वारा बघून. राहिला उर्दू शाळेतला चार नंबर, मोहल्ल्याचा. पोतनीस जिंकले ते तिथे आणि आपटले तेही तिथेच. पंचवीस वर्षं त्या खोलीत पोतनीसांची पोलिंग एजंट म्हणून छाया बसली. त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला विरोधी उमेदवाराची एजंट असायची ताजबी. दिवसभर दोघी एकमेकींच्या मतदारांवर हरकती घ्यायच्या आणि दुपारी डबा वाटून खायच्या.

ताजबी आली ती सांदणांचा डबा घेऊन. दारातच तिने छायाला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "तुमचे दीर जाड झाले."

"निवडणूक नाही झाली ना नऊ वर्षं," छाया म्हणाली. "फिरायला लागत नाही."

हारुनचं शारजात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. कमी बोलणारा माणूस. शैलेंद्रने त्याला छातीशी धरलं तेव्हा त्याने पाठीवर दोन थापा मारल्या, जेवढ्या द्याव्या लागतात तेवढ्याच.

पानं वाढून होईपर्यंत शैलेंद्रने दम धरला. पहिला घास तोंडात गेल्यावर तो छायाकडे वळला.

"वहिनी, सोडत निघाली. आपला वॉर्ड परत महिला राखीव."

"वाचलं मी."

"उद्यापासून फॉर्म. सतरा तारीख शेवटची, दोन डिसेंबरला मतदान. पक्षाचं तिकीट माझ्या खिशात आहे असं समजा." त्याने घास गिळला. "तुमचं नाव अजून यादीत आहे. मी बघूनच आलोय. थकबाकी नसल्याचा दाखला काढलाय, शौचालय असल्याचा दाखला काढलाय. तुम्ही फक्त यायचं, सही करायची आणि हात जोडायचे."

छायाने सोलकढीची वाटी ताजबीकडे सरकवली. तिच्या घरी शौचालय आहे याचा दाखला तिच्या माघारी निघाला होता. ती हो म्हणेल याचाही बहुधा निघालाच असेल.

"काका, हे प्रॅक्टिकल नाही," सुजीत बोलला आणि छायाला क्षणभर बरं वाटलं. "आईचं इथे रेसिडेन्सीचं सगळं प्रोसेस करून घेतलंय मी. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिली तर व्हिसा कॅन्सल होतो."

"आणि आभाची बस अडीचला येते," मुग्धा म्हणाली. "मी ऑफिसमधून सहाला येते. ते साडेतीन तास कोण बघणार?"

दहा वर्षांच्या आभाने ताटातून मान वर केली. "आज्जी, आर यू गोइंग टू बी अ पॉलिटिशियन?"

"जेव तू," छाया म्हणाली.

शैलेंद्र मुळीच गडबडला नाही. त्याने सुजीतच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या कंपनीत माणसं कमी करतायत असं ऐकलं. जेबेल अलीच्या बंदरात काय भरवसा? आपल्याकडे जेटी वाढवतायत, सुजीत. गोडाऊनं येणार, ट्रक येणार. लॉजिस्टिक्समधला माणूस शोधताना ते गावाबाहेर जातील का? नगरसेविकेचा मुलगा घरात असताना?"

सुजीतने काटा काढायला वेळ घेतला. मग तो म्हणाला, "तसं बघितलं तर आई, तू इथे दिवसभर घरातच असतेस. तिकडे तुझी माणसं आहेत. तुला आवडतं पण ते सगळं."

"माझ्या आईला बोलावता येईल मग," मुग्धा म्हणाली. आवाज आत्ताच सुचल्यासारखा होता, पण छायाला तो आत्ताचा वाटला नाही. "ती कधीची म्हणतेय. आभालाही चेंज."

सुरमईचा एक तुकडा संपेपर्यंत घरातली दोन मतं फिरली होती. मच्छी मार्केटच्या तीन नंबर बूथला याहून जास्त वेळ लागायचा. छायाला राग आला नाही, नुसती किळस आली, आणि तीही थोडी. चार वर्षं या पोरांना ती सकाळ-संध्याकाळ डबे देत होती. आपण यांच्या लेखी अडीच वाजताची बस आहोत, हे तिला आधीच कळायला हवं होतं. मतदारांच्या बाबतीत एवढी तल्लख असलेली बाई घरात इतकी बावळट कशी राहिली, याचंच तिला नवल वाटलं.

शैलेंद्रने एक गड जिंकला म्हणून दुसऱ्याकडे मोर्चा वळवला. "हारुनभाई, मोहल्ला तुमच्या शब्दात आहे. अर्धा मोहल्ला इकडेच आहे, शारजा-दुबईत. तुम्ही ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाका, की घरच्यांना सांगा, छायाभाभी म्हणजे आपल्या. खलास."

"मोहल्ला माझ्या शब्दात असता," हारुन म्हणाला, "तर मी इथे दुकान घालून कशाला बसलो असतो?"

"अहो, आपले जुने संबंध आहेत. एक्क्याण्णव आठवा. नऊ मतांनी आलो मी. मच्छी मार्केटातल्या त्या एका भाषणावर चार नंबर फिरला. लोक अजून काढतात ते भाषण."

ताजबीने घास खाली ठेवला. "तुमचा भोंगा बंद पडला होता त्या दिवशी. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल. चार नंबर फिरला तो या बाईमुळे. आठ दिवस आमच्या गल्ल्यांतून फिरल्या त्या. मागच्या गल्लीत नळ देणार म्हणून सांगितलं. माझी सासू चाळीस बायका घेऊन शाळेत गेली. निम्म्या तर पहिल्यांदाच मत द्यायला उंबऱ्याबाहेर पडल्या होत्या."

"तेच म्हणतोय मी, टीमवर्क."

"नळ नाही आला. शहाण्णवला चार नंबरला तुम्हाला तीन मतं पडली. ती तीन कुणाची, ते आम्ही अजून शोधतोय."

हारुन पहिल्यांदाच हसला. छाया हसू शकली नाही. शब्द तिने दिला होता. शैलेंद्र निवडून आल्यावर तिने त्याला दर आठवड्याला नळाची आठवण केली होती, पुढे महिन्याला, पुढे सणासुदीला. शहाण्णवला ती पुन्हा त्या गल्लीत मतं मागायला गेली तेव्हा बायकांनी तिला चहा दिला, पाट दिला आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

शैलेंद्रला वाटलं, हसले म्हणजे विषय गोड झाला. तो पुढे सरसावला. "आणि खैरुद्दीनभाई! असा माणूस होणे नाही. दोन हजार एकला स्वतःहून उभे राहिले. कुणाचा दबाव नाही, काही नाही. मन साफ."

हारुनचा हात ताटात तसाच राहिला.

खैरुद्दीन त्याचा मोठा भाऊ. जेटीवर बर्फाचा धंदा, चारचौघांत मान, आणि बोलायला साधा. मोहल्ल्याने त्या वर्षी आपला एक उमेदवार आधीच ठरवला होता. शैलेंद्रने खैरुद्दीनला घरी बोलावून पटवलं, की खरी लोकप्रियता तुमची आहे, तुम्ही उभे राहा, मी मागून आहे. मोहल्ल्याची मतं दोघांत वाटली गेली आणि शैलेंद्र मधून निवडून आला. खैरुद्दीनची अनामत गेली. मोहल्ल्यातले लोक त्याच्या दुकानासमोरून तोंड फिरवून जायला लागले. वर्षभरात दुकान विकून तो आखातात आला, खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर मोजायच्या कामाला लागला आणि तिथेच एका उन्हाळ्यात वारला. तो पुन्हा कधी खारबंदरला गेला नाही.

"स्वतःहून नव्हते राहिले," छाया म्हणाली.

"वहिनी, जाऊ दे आता."

"हारुनभाई, ते गणित माझं होतं. एक दिवस मी वाढत होते आणि हे आणि अनिल बोलत होते, की चार नंबरचं काय करायचं. मी म्हणाले, तिथे दोघं उभे राहिले तर आपला एक नंबरच्या मतांवरही निभाव लागेल. मी नुसतं बोलून गेले. यांनी दुसऱ्या दिवशी माणूस शोधला." तिचा आवाज सरळ होता. "चोवीस वर्षांत मी हे कुणाला बोलले नाही."

मुग्धाने आभाला आत जाऊन टीव्ही लावायला सांगितलं. हारुनने हात पुसला.

"मालूम होतं भाईजानला," तो म्हणाला. "निकालाच्या दिवशीच बोलले ते. म्हणाले, हे डोकं त्या बाईचं. दीर नुसता उंच आहे."

शैलेंद्र पाणी प्यायला. छायाला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती माणसं हे ठाऊक असूनही तिच्याशी डबा वाटून खात राहिली, हे उलट जास्त जड होतं.

तिने शैलेंद्रकडे बघितलं. "ममता का नाही उभी राहत? गेल्या वेळी तिला उभं केलंतच की. कागद तयार, फोटो तयार."

"बीपी आहे हो तिचं. दगदग नको म्हणाले डॉक्टर."

"बीपी?" ताजबी म्हणाली. "परवा शुक्रवारी तर तासभर बोलल्या माझ्याशी. दुपारी ऊन उतरायच्या आत अख्खा मोहल्ला फिरून आल्या होत्या." ती छायाकडे वळली. "तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल. त्या उभ्या राहतायत. अपक्ष. पक्षाकडे जाणारच नाही म्हणाल्या, नवऱ्याच्या खिशातलं तिकीट नको म्हणाल्या."

सुजीतने काकाकडे बघितलं आणि काकाने लोणच्याकडे.

"घरातलं भांडण आहे," शैलेंद्र शेवटी म्हणाला. "बायकांना एखादं खूळ लागतं. मिटेल. तुम्ही उभ्या राहिलात ना वहिनी, की पोतनीस नावाची मतं दोघींत फुटतील. तिला कळून चुकेल आणि ती अर्ज मागे घेईल. तुम्हाला जिंकायचं टेन्शनच नाही."

"म्हणजे मी पडले तरी चालेल."

"तसं नाही हो."

पण तसंच होतं. छायाला ते गणित ओळखीचं होतं. ते तिनेच मांडलेलं होतं, नावं तेवढी बदलली होती. या वेळी खैरुद्दीनच्या जागी ती स्वतः होती, आणि तिलाही घरी बसून, प्रेमाने, वहिनी-वहिनी करत विचारलं जात होतं.

"पण ममताकाकू?" सुजीत म्हणाला. "त्यांना काय येतं? पाच वर्षं त्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नव्हत्या, तूच सांगायचीस, आई."

सांगायची खरी. हसून सांगायची. दोन हजार सोळाला ममताला शिकवलं कुणी होतं? सही इथे कर, बोलू नकोस, कुणी काही विचारलं तर विचारून सांगते म्हण. ममताने मान हलवली होती आणि छायाने मनात म्हटलं होतं, बरं झालं, मुकी मिळाली.

"मागच्या गल्लीत नळ आलाय, छायाताई," ताजबी म्हणाली. "एकोणीस सालीच आला. वर तुमच्या दिरांच्या नावाचा बोर्ड आहे. पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरच्या केबिनबाहेर अकरा दिवस बसल्या त्या ममताभाभी. डबा घेऊन जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. बोलत नव्हत्या, बसायच्या. बाराव्या दिवशी त्याने सही केली."

एकोणीस साल म्हणजे अनिलच्या आजारपणाचं. त्या वर्षी छायाने वॉर्डाकडे बघितलं नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं ती खारबंदरातच होती. मागच्या गल्लीत एकदा जाऊन बघावं, एवढंही तिला सुचलं नव्हतं.

"लाव तिला फोन," ती म्हणाली.

"वहिनी, जेवताना कशाला?" शैलेंद्र म्हणाला.

व्हॉट्सअॅपवरून इथे बोलता यायचं नाही. ताजबीने बोटिम अॅपवर लावला आणि फोन छायाकडे दिला. छाया उठून खिडकीशी गेली, पण आवाज दाबला नाही.

"ममता, छाया बोलतेय."

"हे पोचले वाटतं तिकडे."

"पोचले. जेवतायत."

"तुम्हाला उभं करायला आलेत."

"हो."

"राहा उभ्या, वहिनी. मी अडवणार नाही. एक नंबरची दीडशे मतं तुम्ही माझी खाल, ते मी धरून चाललेय. तीन नंबरला साठ. चार नंबरला सात."

"सात कशी काढलीस?"

"नळाचा शब्द दिला होतात त्या वेळच्या बायका आहेत अजून सात. त्या देतील. त्यांना तुमची दया येते."

छायाला हे गालावर मारल्यासारखं लागलं. आणि त्याच वेळी तिच्या मनातला जुना एजंट म्हणाला, बरोबर आहे, सातच. ही बाई दारोदार जाऊन मोजून आली आहे. तिला मुकी समजण्यात घरातल्या कुणाची किती हुशारी होती, हे आता दिसत होतं. छायाची स्वतःची धरून.

"मी उभी राहत नाही," ती म्हणाली. "तुझी एजंट म्हणून बसेन. चार नंबरला."

"चार नंबरला माझं माणूस आहे. सुमैय्या म्हणून मुलगी आहे मोहल्ल्यातली, एलएलबी करते. ती प्रत्येक चेहरा ओळखते." आवाज चढवायची ममताला सवय नव्हती, आताही तो चढला नाही. "यायचंच असेल तर दोन नंबरला बसा. तिथे कुणी बसायला तयार होत नाही."

दोन नंबर. स्टँडमागचा. जिथे पोतनीसांना आजवर कधी तीसच्या वर मतं पडली नव्हती.

"यादी मी देईन," ममता म्हणाली. "माझ्या खुणा आहेत तिच्यावर. त्या बदलायच्या नाहीत."

"नाही बदलणार."

"मग या."

छाया टेबलाशी परत आली तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने सुजीतला तीस तारखेचं तिकीट बघायला सांगितलं. इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीमुळे महाग असेल तरी काढ म्हणाली.

"एजंट म्हणून?" सुजीत म्हणाला. "आई, एवढ्या लांब जाऊन नुसतं बाकावर बसायचं?"

"आणि आभाची बस?" मुग्धा म्हणाली.

"तुझी आई येतेय ना," छाया म्हणाली. "चेंज होईल आभाला."

शैलेंद्रने ताट पुढे सरकवलं. "वहिनी, पोतनीसांच्या सुनेने पोतनीसांच्या विरोधात बसायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"दोन्ही सुना एका बाजूला आहेत, भावजी. विरोधात तुम्ही आहात."

त्याने हारुनकडे बघितलं. हारुनने डब्याचं झाकण लावलं आणि बायकोला म्हणाला, "यल्ला, निघायला हवं. संध्याकाळी शारजाच्या रस्त्याला अडकू." पण तो उठला नाही, आणि ताजबीही उठली नाही.

शैलेंद्र मोबाइल घेऊन बाल्कनीत गेला. त्याने मागे काचेचं दार ओढून घेतलं. काचेतून तो हात हलवत बोलताना दिसत होता, मान वाकवून, हसून, पुन्हा मान वाकवून. एक फोन संपला, त्याने दुसरा लावला. प्रभाग पाचमध्ये बायकांची नावं बाराशेच्या आसपास होती. त्यांतली कोण त्याच्या सांगण्यावरून उभी राहायला हो म्हणेल, याचा छायाने थोडा वेळ विचार केला. सोनार आळीतली एक, जिचा नवरा ठेकेदार होता. शैलेंद्रची चुलत बहीण, जी त्याला कधी नाही म्हणू शकली नव्हती. आणि बाजारातली एक, जिला तो सांगेल की खरी लोकप्रियता तुमची आहे, आणि तिला ते खरं वाटेल.

"ताजबी," ती म्हणाली, "फोन परत लाव. ममताला तीन नावं सांगायची आहेत. हा पोचायच्या आत तिने त्यांच्या घरी जाऊन यायला हवं."